हॉल कोणाचा, बाथरूम कोणाचं? घरातली रूम लिस्टिंगवर टाकताना हे आधी लिहा

मुलगा शिकायला बाहेर गेला, मुलीचं लग्न झालं, घरात एक बेडरूम रिकामी पडलीय, मग कोणीतरी सुचवतं की एअरबीएनबीसारख्या, पाहुण्यांना रूम द्यायच्या अ‍ॅपवर टाक ना, मुंबईत काय, कोणी परीक्षेला येतं, कोणी लग्नाला, कोणी परळला टाटा हॉस्पिटलमध्ये पेशंट घेऊन, रूम रिकामी राहायची नाही. खरं आहे ते. पण लिस्टिंग, म्हणजे अ‍ॅपवरची रूमची जाहिरात, लिहायला बसलं की सगळा जोर त्या एका रूमवर जातो, हवेशीर आहे, एसी आहे, नवीन गादी आहे, खिडकीतून झाड दिसतं, आणि उरलेल्या घराबद्दल शेवटी एक ओळ, ‘कॉमन एरिया शेअर्ड’. आणि कटकटी होतात त्या सगळ्या ह्याच ओळीवरून. गादीवरून कोणी भांडत नाही हो.

माझं म्हणणं एवढंच आहे की कॉमन जागा चौरस फुटांत सांगून काही कळत नाही. हॉल दोनशे फूट असो की दीडशे, पाहुण्याला हे कळायला हवं की तिथे अजून कोण असतं, किती वाजता असतं, आणि आपल्याला तिथे काय काय करता येईल. हे नीट लिहिलंत तर घर लहान असलं तरी चालतं, मुंबईत घर लहान असतं हे येणाऱ्याला माहीतच असतं.

सुरुवात कॅटेगरीपासून करा, कारण लोक वर्णन वाचायच्या आधी फिल्टर लावतात. एअरबीएनबीवर ढोबळमानाने पूर्ण घर, प्रायव्हेट रूम आणि शेअर्ड रूम असे प्रकार आहेत. प्रायव्हेट रूम म्हणजे झोपायची खोली पाहुण्याची एकट्याची, बाकी घर वाटून. शेअर्ड रूम म्हणजे त्याच खोलीत दुसरंही कोणीतरी झोपणार. आता काही जण काय करतात, टू बीएचके मध्ये एका बेडरूममध्ये सासूबाई राहतात, त्या ‘आपल्या आपल्या खोलीत असतात, कोणाला त्रास नाही’, म्हणून पूर्ण घर असं टाकतात. नाही चालत हे. सासूबाई कितीही शांत असल्या तरी किचन त्यांचंही आहे आणि पहाटे उठून त्या देवाची घंटा वाजवणारच. घरात आपण राहतो हे लपवण्यासारखं काही नाहीये, उलट केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत मालक कुटुंबासकट तिथेच राहत असला पाहिजे अशी अटच आहे, आणि रूम एक ते सहा. बऱ्याच पाहुण्यांना, विशेषतः एकट्या येणाऱ्या मुलींना, घरात काकू आहेत हे वाचून बरंच वाटतं.

तर घरात कोण कोण आहे ते लिहा. नावं नकोत, नाती आणि वेळा पुरेत. ‘आम्ही दोघं, आमची दहावीतली मुलगी, आणि एक मांजर. सकाळी आठ ते दहा कामवाल्या मावशी येतात, त्यांच्याकडे घराची चावी आहे.’ मावशींचं लिहायला सगळे विसरतात. पाहुणा टॉवेल गुंडाळून बाथरूममधून बाहेर येतो आणि समोर अनोळखी बाई झाडू मारतेय, दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. मांजर-कुत्र्याचंही तसंच, अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला हे दारात कळून उपयोग नाही. आणि दुसऱ्या बेडरूममध्येही पाहुणे ठेवत असाल तर ते ठळक लिहा, कारण ‘मालकांबरोबर शेअर’ आणि ‘अजून एका अनोळखी पाहुण्याबरोबर शेअर’ ह्यात लोकांच्या मनात फार फरक असतो.

आता बाथरूम. इथे मी जरा वेळ घेणार आहे कारण मुंबईच्या फ्लॅट्सची रचना अ‍ॅप बनवणाऱ्यांनी बघितलेली नाही असं मला कायम वाटत आलंय. फॉर्ममध्ये साधारण तीन पर्याय येतात, रूमला जोडलेलं फक्त पाहुण्याचं, पॅसेजमध्ये असलेलं पण तरी फक्त पाहुण्याचं, आणि सरळ शेअर्ड. दुसरा पर्याय लोक फार सहज दाबतात. ‘आम्ही आमचं मास्टर बेडरूमचं वापरतो ना’ असं म्हणतात, आणि मग कपडे धुवायचं मशीन कुठेय, तर पाहुण्याच्या बाथरूममध्ये. भांडीवाल्या मावशी पाय धुवायला कुठे जातात, तिथेच. घरी कोणी आलं गेलं तर, तिथेच. मग ते शेअर्ड झालं, संपला विषय. शेअर्ड लिहून खाली ‘घरचे लोक हे क्वचित वापरतात, मशीन एक दिवसाआड दुपारी लागतं’ असं लिहा, त्याने काही बिघडत नाही.

आणि जुन्या बिल्डिंगमध्ये संडास वेगळा आणि बाथरूम वेगळं असतं, मध्ये पॅसेजात बेसिन. आपल्याला ही सोयच वाटते, एक जण अंघोळीला, एक जण आत, सकाळची वेळ निभावते. पण बाहेरून येणारा ‘एक बाथरूम’ वाचतो तेव्हा त्याच्या डोक्यात कमोड, शॉवर, बेसिन सगळं एका दारामागे असतं. म्हणून सरळ लिहा की टॉयलेट वेगळं, बाथरूम वेगळं, दोन्हीचं दार पॅसेजमध्ये उघडतं, बेसिन बाहेर आहे. टॉयलेट वेस्टर्न की इंडियन ते लिहा, गुडघेदुखीवाल्या माणसासाठी ह्याच्याइतकी महत्त्वाची माहिती अख्ख्या लिस्टिंगमध्ये दुसरी नाही. जेट आहे का, टॉयलेट पेपर ठेवता का. शॉवर चालतो की बादलीने अंघोळ. गीझर इन्स्टंट आहे की साठवणीचा, १५ लिटरचा असेल तर एक जण शॉवरखाली रमला की पुढच्याला थांबावं लागणार, ते लिहा की ‘मध्ये पंधरा-वीस मिनिटं ठेवा’.

पाण्याची वेळ तर लिहाच लिहा. मुंबईला पाणी येतं ते भातसा, तानसा, वैतरणा वगैरे सात तलावांतून, बरंचसं ठाणे-नाशिककडून, आणि महापालिका ते भागाभागाने ठरावीक वेळेलाच सोडते, पुढे सोसायटी आपल्या टाकीतून तिच्या वेळेला सोडते. चोवीस तास पाणी असलेल्या सोसायट्या आहेत, पण तुमची तशी नसेल तर ‘नळाला पाणी सकाळी साडेपाच ते साडेनऊ आणि संध्याकाळी सहा ते आठ, बाकी वेळ ड्रम भरलेला असतो’ असं लिहून टाका. ह्यात कमीपणा काही नाही. उन्हाळ्यात तलाव खाली गेले की कपात येते, तेव्हा एक ओळ वाढवायची. आणि फोटोत तो निळा ड्रम दिसू दे, उगाच उचलून बाहेर ठेवून फोटो काढू नका.

चाळीतली खोली टाकत असाल आणि संडास गॅलरीच्या टोकाला सगळ्या मजल्याचा मिळून असेल, तर हे पहिल्या दोन ओळींत यायला हवं. चाळीत राहून बघायचंय म्हणून येणारेही लोक आहेत, ते खुशीने येतील, पण त्यांना माहीत असायला पाहिजे. खोली सेल्फ कंटेन्ड असेल, म्हणजे संडास-बाथरूम आतच असेल, तर तेही वरच लिहा.

किचनचं वर्णन मी कसं लिहीन ते देतो, एका पार्ल्याच्या ओळखीच्या घरासाठी साधारण असंच लिहिलं होतं:

‘किचन सकाळी साडेसहा ते नऊ आमच्या ताब्यात असतं, डबे असतात. त्या वेळात चहा-कॉफी लागली तर सांगा, आमच्याबरोबर करून देऊ. नऊनंतर रात्री दहापर्यंत तुम्ही वापरा. गॅस, मिक्सर, मायक्रोवेव्ह वापरायला हरकत नाही, फ्रीजमधला खालून दुसरा कप्पा तुमचा. ओट्याच्या डाव्या बाजूच्या ट्रॉलीतली भांडी तुमच्यासाठी. अंडं चालतं, मासे-मटण शिजवायचं नाही, बाहेरून आणलंत तर आपल्या रूममध्ये खा, ताटं देऊ. भांडी विसळून सिंकमध्ये ठेवा, सकाळी मावशी घासतात. ओला कचरा-सुका कचरा वेगळा.’

हे वाचून कोणाला राग येणार नाही आणि कोणी नऊच्या आधी ऑम्लेट करायला उभं राहणार नाही. त्याऐवजी ‘किचन उपलब्ध’ एवढंच लिहिलं असतं तर? आणि हो, शाकाहारी किचन असेल तर ते पाळायला सांगणं ह्याला एअरबीएनबीच्या भेदभावविरोधी नियमांतही परवानगी आहे, तसंच तुम्ही स्वतः त्याच घरात राहत असाल तर आपल्याच जेंडरचे पाहुणे घ्यायचे असंही ठरवता येतं, म्हणजे ‘फक्त महिला’ हे घरमालकीणबाई लिहू शकतात. पण जात, धर्म, प्रांत ह्यावरून ‘अमके नकोत’ हे चालत नाही, आणि नियम नसता तरी लिहू नये. किचनचा नियम किचनपुरता ठेवा, त्याच्या आडून माणसं गाळू नका. आणि फक्त चहापुरतं किचन देत असाल तर अमेनिटीजमध्ये, म्हणजे सोयींच्या यादीत, ‘किचन’ वर टिक करू नका, इलेक्ट्रिक केटल रूममध्ये ठेवा आणि तेवढंच लिहा. टिक बघून महिनाभर स्वयंपाक करायच्या तयारीने लोक येतात, हॉस्पिटलवाले तर नक्कीच, पेशंटला घरचं जेवण करून न्यायचं असतं त्यांना.

हॉलची गंमत अशी की दिवसा हॉल असतो आणि रात्री बेडरूम. टू बीएचके मधली एक बेडरूम पाहुण्याला दिली की घरातलं कोणीतरी सोफा-कम-बेडवर येतंच, साधं गणित आहे. ‘लिव्हिंग रूम वापरता येईल’ असं लिहिलंय, पाहुणा रात्री साडेअकराला लॅपटॉप घेऊन बाहेर येतो तर आजोबा पंखा लावून घोरतायत. मग तो बिचारा मांजराच्या पावलांनी परत फिरतो आणि रिव्ह्यूमध्ये लिहितो की घरात वावरायला संकोच वाटला. लिहा की ‘हॉल रात्री साडेदहापर्यंत सगळ्यांचा, नंतर तिथे बाबा झोपतात, मेन दार हॉलमध्येच उघडतं त्यामुळे उशिरा येणार असाल तर आधी कळवा’. मेन दार कुठे उघडतं हा मुद्दा महत्त्वाचा. टीव्ही कोणाचा, मॅच असली की काय, मुलीची बोर्डाची परीक्षा असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये टीव्ही बंद, हे सगळं लिहिण्यासारखं आहे. घरून काम करणाऱ्यांना डायनिंग टेबल दिवसा मिळेल का तेही, कारण ‘वर्कस्पेस’ वर टिक करून जेवायच्या वेळी लॅपटॉप उचला म्हणणं बरोबर नाही.

आता एक गोष्ट जी जवळजवळ कोणीच लिहीत नाही. पाहुण्याच्या रूममधूनच जायचा रस्ता. बाल्कनीत कपडे वाळत घालायचेत, बाल्कनी त्या बेडरूमला. घरचं गोदरेजचं कपाट त्याच रूममध्ये, त्यात आईच्या साड्या आणि सगळ्यांची कागदपत्रं. इन्व्हर्टर तिथे. म्हणजे रूम कागदावर प्रायव्हेट आणि दिवसातून दोनदा टकटक, ‘सॉरी हं, फक्त एक मिनिट’. अशी रूम प्रायव्हेट म्हणून विकू नका. एकतर कपाट हलवा, दोऱ्या दुसऱ्या खिडकीच्या ग्रिलला लावा, नाहीतर स्पष्ट लिहा की बाल्कनीत जायला आम्हाला तुमच्या रूममधून यावं लागतं, आम्ही सकाळी नऊ ते दहा ह्याच वेळात आणि विचारूनच येऊ. दाराला आतून कडी आहे का, बाहेरून कुलूप लावता येतं का हेही लिहा. आपल्याकडे बेडरूमला बाहेरून कुलूप लावायची सवय नाही पण पैसे देऊन येणारा माणूस पासपोर्ट ठेवून दिवसभर बाहेर जाणार असतो.

घराबाहेरच्या कॉमन जागांकडे येऊ, म्हणजे सोसायटी. सगळ्यात आधी सोसायटीला माहीत आहे का ते बघा, आणि तुम्ही स्वतः भाड्याने राहत असाल तर मालकाला. हे लिस्टिंगच्या पलीकडचं आहे पण चेअरमनने गेटवर अडवलेला पाहुणा तुमच्या सुंदर वर्णनाचं काय करणार. गेटवर रजिस्टर आहे की अ‍ॅपवर एन्ट्री, ओळखपत्र लागतं का, रात्री किती वाजता गेट बंद होतं आणि वॉचमनला उठवावं लागतं का, एवढं लिहा. (परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती देणारा सरकारी फॉर्म २४ तासांच्या आत ऑनलाइन भरायचा असतो, त्यासाठी पासपोर्ट-व्हिसाचा फोटो लागेल हेही आधीच सांगून ठेवलेलं बरं.)

स्विमिंग पूल आणि जिम. नवीन टॉवरवाल्यांनो, ही टिक तुमच्या बिल्डिंगमध्ये पूल आहे का ह्यासाठी नाही, पाहुण्याला उतरता येईल का ह्यासाठी आहे. बऱ्याच सोसायट्यांत क्लबहाऊस मेंबरच्या कार्डावर चालतं, पाहुण्याला पास, पैसे, सोमवारी मेंटेनन्स, असं काय काय असतं. ऑफिसमध्ये जाऊन विचारा, जे उत्तर मिळेल ते लिहा, आणि नाही म्हणाले तर टिक काढा, पूलचा फोटोही लिस्टिंगवरून हटवा. पूलचा फोटो ठेवून खाली बारीक अक्षरात ‘फक्त रहिवाशांसाठी’ लिहिणं म्हणजे पाहुण्याला बोलावून तोंडघशी पाडणं आहे. गच्चीचंही असंच, गच्ची सगळ्या सोसायटीची असते, चावी सेक्रेटरीकडे असते, आणि पावसाळ्यात कुलूपच असतं.

पार्किंगला ‘फ्री पार्किंग’ लिहायच्या आधी तुमच्या स्टिकरच्या जागेवर तुमचीच गाडी उभी नसते ना ते बघा. व्हिजिटर पार्किंग रात्री चालतं का? स्टॅक पार्किंग, म्हणजे गाड्या एकावर एक ठेवायची सोय, असेल तर एसयूव्ही बसते का? टू-व्हीलरला जागा असते बहुतेक, तेवढं लिहा.

लिफ्टबद्दल खरं सांगा. कितवा मजला ते आपल्या पद्धतीने म्हणजे तळमजला सोडून मोजलेलं आहे हे लिहा, कारण काही देशांत तळमजल्यालाच पहिला म्हणतात. जुन्या बिल्डिंगमध्ये लिफ्टपर्यंत पोचायलाच पाच-सहा पायऱ्या असतात. व्हीलचेअरवाले पाहुणे विचारतात, त्यांच्यासाठी अ‍ॅपवर दाराची रुंदी ३२ इंच म्हणजे ८१ सेंटिमीटर हे माप धरलेलं आहे, टेप घेऊन लिफ्टचं दार, मेन दार आणि बाथरूमचं दार तिन्ही मोजा. बाथरूमचं बहुतेक वेळा बसत नाही. मग ‘व्हीलचेअर फ्रेंडली’ लिहू नका, आकडे लिहा, ज्याला गरज आहे तो ठरवेल.

कॅमेरा. हा विनोदाचा विषय नाही. एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत कॅमेरा ठेवायला पूर्ण बंदी केलीय, त्याआधी हॉलसारख्या कॉमन जागेत सांगून ठेवता यायचा, आता नाही. आजीवर लक्ष ठेवायला हॉलमध्ये लावलेला वायफाय कॅमेरा, बाळासाठीचा कॅमेरा, सगळं त्यात येतं, बंद करून ठेवलाय म्हटलं तरी चालत नाही, काढायलाच लागतो. दाराबाहेरचा कॅमेरा किंवा व्हिडिओ डोअरबेल असेल तर ती कुठे आहे ते लिहायचं. सोसायटीचे लॉबी-लिफ्टमधले सीसीटीव्ही तुमचे नसले तरी एक ओळ लिहून टाका, काय जातंय.

फोटो काढताना मोबाईलची ती ०.५ वाली लेन्स वापरू नका, सहा फुटांचा पॅसेज तिच्यात हॉटेलच्या कॉरिडॉरसारखा दिसतो. दारात उभं राहून साधा फोटो काढा. कॉमन जागांचे फोटो रूमइतकेच टाका आणि प्रत्येकाखाली कॅप्शन, ‘हॉल, शेअर्ड’, ‘पॅसेजमधलं बेसिन, शेअर्ड’. बाल्कनीतल्या कपड्यांच्या दोऱ्या, चपलांचं स्टँड, वॉशिंग मशीन, असू दे सगळं, आवरलेलं असलं म्हणजे झालं.

आणि सणांचं काय? घरी गणपती असेल तर हॉलमधला सोफा भिंतीला, मखर मध्ये, दीड दिवस असो की पाच दिवस दर्शनाला माणसांची रीघ, बाथरूमला लाइन. एकतर ते दिवस कॅलेंडरवर ब्लॉक करा, नाहीतर लिहा आणि मोदक खायला या म्हणा, काही लोक मुद्दाम तेव्हाच बुक करतील. समोर मंडळाचा मंडप पडत असेल तर तेही लिहा. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी असते पण सणाच्या ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते, आणि ढोलाची प्रॅक्टिस कुठल्या नियमात बसत नाही. मे महिन्यात गावाहून आंब्याच्या पेट्यांबरोबर भाचे मंडळी येत असतील तर त्यांनाही ‘घरातले लोक’ मध्ये धरा.

वर्णनाच्या लांबीची काळजी करू नका, पण क्रम सांभाळा. पहिल्या चार ओळी लोक नक्की वाचतात, त्यात घरात कोण राहतं, बाथरूम कोणाकोणाचं आणि किचन कधी मिळतं एवढं बसवा. समुद्र किती मिनिटांवर आहे ते खाली गेलं तरी चालेल. लिहून झालं की कधी तुमच्या घरी न आलेल्या माणसाला वाचायला द्या आणि विचारा, सकाळी सातला उठून दात घासायला तू कुठे जाशील आणि वाटेत तुला कोण भेटेल? त्याला सांगता आलं नाही तर ती जागा परत लिहा.

एक लक्षात ठेवा, पाहुण्याला आल्यावर काही वेगळं आढळलं तर ते कळल्यापासून ७२ तासांत तो एअरबीएनबीकडे तक्रार करू शकतो, आणि शेअर्ड बाथरूम प्रायव्हेट म्हणून लिहिलेलं असलं तर तिथे तुमच्याकडे बोलायला काही नसतं, पैसे परत जातात.

लिस्टिंग एकदा लिहून संपत नाही. बिल्डिंगला परांची लागली, लिफ्ट दुरुस्तीला गेली, वरच्या फ्लॅटमध्ये टाइल्स फोडायला घेतल्या, आत्याबाई दोन महिन्यांसाठी राहायला आल्या, त्या दिवशी वर्णन बदला. ज्यांनी आधीच बुक केलंय त्यांना वेगळा मेसेज करा, त्यांना बदललेलं वर्णन आपोआप दिसेल असं धरून चालू नका. तो मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर नको, अ‍ॅपमधल्या चॅटमध्येच टाका, म्हणजे उद्या प्रश्न आला तर तुम्ही कधी काय कळवलं होतं ते तिथे तारखेसकट राहतं.